घेटुळीला आमंत्रण

पुण्यात मी पहिलं पाऊल टाकलं ते स्वारगेटला. अकोल्याहून रात्रभर धावत आलेली एसटी, एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा आणि डोळ्यांवर अर्धी झोप. त्या झोपेतच मला रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर गुडघे टेकून बसलेली एक बाई दिसली. पंचावन्नच्या पुढची. साडी सुती, कडक इस्त्रीची. पायांत मात्र शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. शेजारी मोपेड आडवी पडलेली. मला वाटलं, अपघात झाला. वाहतूक पोलिसालाही तेच वाटलं असणार, कारण तो शिट्टी फुंकत धावत आला.

"अहो बाई, लागलं का कुठं?"

"नाही. माका उगवलाय."

"काय उगवलंय?"

"माका. टोपी काढा बघू जरा."

आणि पुण्याच्या त्या वाहतूक पोलिसानं भर चौकात टोपी काढली. बाईंनी त्याचं टक्कल सगळ्या बाजूंनी नीट न्याहाळलं. "अजून थोडी आशा आहे. माक्याचा रस तेलात उकळून लावायचा. पण हा इथला नको, याच्यावर डिझेल बसलंय. गावाकडचा आणा." पोलिस "बरं" म्हणाला, हात आडवा करून त्यानं एक अख्खी बस थांबवली आणि बाईंची मोपेड उभी करून दिली.

मी ट्रंकेवर बसून पोट धरून हसलो.

चौथ्या दिवशी कॉलेजात मला माझ्या गाईडच्या खोलीत पाठवलं, तर टेबलाखाली तेच बूट.

"परवा स्वारगेटला ट्रंकेवर बसून हसत होतास, तो तूच ना?"

"नाही मॅडम."

"ट्रंक हिरवी होती. वर पांढऱ्या रंगात नाव होतं. हेच." त्यांनी माझ्या अर्जावर बोट ठेवलं. "आणि मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हटलं की कोणीतरी मला साडी विकतंय असं वाटतं. बाई म्हण."

आमच्या नात्याची सुरुवात अशी माझ्या थापेनं झाली. त्या नात्यातली दुसरी थाप पहिलीपेक्षा फार मोठी होती आणि आज मी लिहायला बसलोय ते तिच्यासाठीच. पण ती सांगायला अजून जरा धीर गोळा करावा लागेल.

औषधनिर्माणशास्त्राच्या त्या कॉलेजात बाई वनस्पतींपासून मिळणारी औषधं शिकवत. माणसाची परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. खुर्चीवर बसवायचं, हातात एक काडी द्यायची आणि म्हणायचं, "चाव." मला दिली ती अक्कलकाऱ्याची मुळी होती, हे नंतर कळलं. आधी जिभेला मुंग्या आल्या, मग जीभ माझी राहिलीच नाही. त्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "काय वाटतंय?" मी पाच मिनिटं काहीतरी बोललो. त्यातला एकही शब्द मला किंवा त्यांना कळला नाही. बाई खूश झाल्या. "उत्तर बरोबर आहे," म्हणाल्या. "तोंडाइतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही. वीजही लागत नाही."

पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला त्यांची प्रयोगशाळा होती. उत्तरेकडे चार मोठ्या खिडक्या. टेबलांवर, कपाटांवर, एका जुन्या खाटेवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर पानं वाळत पडलेली. पंखा हळू फिरायचा, पानं किंचित हलायची, त्यांची कुजबुज चालू असायची. दुपारी त्या खोलीत शिरलं की आपण कोणाच्या तरी झोपेत शिरलोय असं वाटे. ओल्या मातीचा, सुंठीचा, गवताचा आणि मधूनच स्पिरिटचा वास. बाई कधी कधी वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत बसायच्या. मीही बघायचो. बाहेर काहीच नसायचं. दहा मिनिटांनी त्या वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायच्या आणि मी मात्र त्याची सुरुवात विसरलेला असायचो.

बाहेरचं जग तेव्हा फार घाईत होतं. बिबवेवाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. सगळे विदर्भातले, आणि माझ्याखेरीज तिघंही कॉम्प्युटर शिकत होते. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते आणि ते चालू ठेवायला अमेरिकेनं आमच्या खोलीतल्या या तिघांवर भिस्त ठेवली होती. संध्याकाळी ते एकमेकांना पगार डॉलरमध्ये सांगायचे आणि मग माझ्याकडे वळायचे.

"काय बे, पुण्यात येऊन भाजी वाळवून राह्यला का तू?"

भाजीच होती ती. घेटुळी. पावसाळ्यात कुठंही, अगदी फुटपाथच्या फटीतसुद्धा पसरणारी, लालसर दांड्यांची वेल. ग्रंथांत तिचं नाव पुनर्नवा, कारण उन्हाळ्यात ती मरते आणि पावसात पुन्हा नवी होते. सुजेवर ती देतात. शेकडो वर्षं देतात. "देतात हे खरं," बाई म्हणायच्या, "पण उतरते का? की आपली आपण उतरते आणि नाव हिचं होतं?" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिला आणि म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध.

खोलीवर तेव्हा संकट होतं. प्राचार्यांना तिथं कॉम्प्युटर लॅब करायची होती. उत्तरेच्या खिडक्या असलेली एवढी मोठी खोली पाला वाळवायला कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी मुदत दिली: मार्चअखेर बाहेरून संशोधनासाठी कोणीतरी पैसे देणारा आणा, नाहीतर खोली द्या. बाईंनी मुंबईच्या एका औषध कंपनीला पत्र लिहिलं. सुजेवरचं देशी औषध त्यांना बाजारात आणायचं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, निकाल दाखवा, जानेवारीत येतो. म्हणजे खोली राहणार की जाणार हे घेटुळीवर होतं आणि घेटुळी माझ्यावर होती. एवढा वाईट बंदोबस्त मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

चाचण्या दोन होत्या. सुजेची चाचणी पांढऱ्या उंदरांवर. त्यांच्या पंज्याला रसायन टोचून सूज आणायची, मग पंजा पाऱ्याच्या नळीत बुडवायचा. सूज जितकी जास्त तितका पारा वर चढतो. काही उंदरांना नुसतं पाणी, काहींना सुजेवरच्या नेहमीच्या गोळीतलं औषध, काहींना घेटुळीचा काढा. कोणाचा पारा किती उतरला ते लिहायचं. प्राणिघर सांभाळायचे ते चाचा. त्यांची तिसरी पिढी पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. उंदीर मला चावायचे आणि चाचा समजूत घालायचे, माझी नव्हे, उंदरांची.

"साहेब, तो चावत नाही हो. तुम्हीच त्याला असं धरता की चावल्याशिवाय त्याला दुसरा मार्ग नाही."

दुसरी चाचणी काचेच्या नळीतली. लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही आतून एक गंज चढत असतो. तो एखादी वनस्पती रोखते का ते बघायचं. त्यासाठी एक गडद जांभळं द्रावण करायचं आणि त्यात काढ्याचे थेंब टाकायचे. गुण असेल तर जांभळा रंग विरत विरत पिवळा होतो. किती विरला हे मोजायला यंत्र होतं. पण बाई यंत्र चालू करून त्याच्याकडे पाठ करायच्या आणि नळी खिडकीत धरून स्टुलावर बसायच्या. अर्धा अर्धा तास. संध्याकाळ उतरावी तसा तो रंग उतरायचा.

"बाई, आकडा आलाय."

"येऊ दे. आकडा किती गेला ते सांगतो. कसा गेला ते नाही सांगत."

घेटुळी आणायची पद्धतही बाईंची खास होती. बिबवेवाडीत, माझ्या खोलीपासून जवळच, एक मोठी मोकळी जागा होती. पहिल्यांदा त्या मला तिथं घेऊन गेल्या तेव्हा सूर्य बुडायला आला होता. बाईंनी पर्समधून पुडी काढली, हळद लावलेले चार तांदूळ एका वेलीपाशी ठेवले, आणि अगदी शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, "उद्या सकाळी येतोय आम्ही. थोडी नेऊ. सगळी नाही नेणार."

तिथं क्रिकेट खेळणारं एक पोरगं धावत आलं. "काकू, काही हरवलं का?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

वनस्पतीला आदल्या संध्याकाळी आमंत्रण द्यायचं आणि दुसऱ्या सकाळी तोडायची, ही जुनी वैद्यांची रीत. मी शास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे मला हसू येणं भाग होतं. परतताना विचारलं, "बाई, तुमचा यावर विश्वास आहे?"

"विश्वासाचं नंतर बघू. संध्याकाळी ओणवं होऊन, बोलून पाहिलेली वेल सकाळी ओळखू येते. एकदाच बघून कापणारा गवत घेऊन येतो." मग बराच वेळ मोपेड ढकलत चालल्या. दिवे लागत होते. "माझ्या आईचे पाय सुजायचे. एका वैद्यानं हीच दिली. महिनाभर आई अंथरुणात होती, रोज काढा. सूज उतरली. वैद्य म्हणाला घेटुळीनं. डॉक्टर म्हणाले, पडून राहिल्यानं. मी दहा वर्षांची होते, दोघांनाही हो म्हटलं. ते अजून सलतं."

पहिल्या खेपेचा काढा मी जाळला. आटवत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. ती सवय आता मलाही लागली होती. भांड्यात डांबर उरलं. बाईंनी ते चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, "यानं रस्ता होईल, सूज नाही उतरणार." मग ठरलं की दसरा झाला की पुन्हा आणायची. पण दसऱ्यानंतर बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. महिनाभर वाचायचं नाही, प्रयोगशाळेत यायचं नाही. जाताना त्यांनी तांदळाची पुडी माझ्या हातात ठेवली.

"संध्याकाळी जायचं. मग सकाळी. आणि एक फांदी दाबून ठेवायची."

फांदी दाबून ठेवणं म्हणजे वर्तमानपत्राच्या घडीत, दोन फळ्यांमध्ये आवळून. आपण नेमकं काय तपासलं याचा तो पुरावा.

आता ती थाप.

त्या संध्याकाळी कोथरूडला एका कॉम्प्युटर क्लासचं फुकट व्याख्यान होतं. माझे खोलीसोबती म्हणाले, चल, बघायला काय जातं? मी गेलो. पडद्यावर हिरवी अक्षरं चमकत होती, शेजारी टाय घातलेला एक माणूस पगाराचे आकडे सांगत होता. घेटुळी माझ्या मनात आली. पण ती काय, कुठं पळून जाते? बिबवेवाडीला पोचेपर्यंत जेवणाची वेळ उलटून गेली होती. सकाळी उठून थेट मोकळ्या जागेवर गेलो. धुकं होतं. जेसीबीनं एक कोपरा उकरून टाकलेला, नेहमीची जागा सापडेना. पण जमिनीवर पसरलेली, लालसर दांड्यांची वेल भरपूर होती. पोतं भरलं, एक फांदी दाबून ठेवली, तांदळाची पुडी खिशातून काढून टेबलाच्या खणात टाकली. दुपारी बाईंचा फोन आला.

"आमंत्रण दिलंस?"

"दिलं, बाई."

"काय म्हणालास?"

हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "या म्हणालो," असं मी म्हणालो.

"अरे, ती कशी येईल? आपण जायचं असतं," बाई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. त्यांचं ते हसू आजही आठवलं की मला फोन खाली ठेवावासा वाटतो.

चाचांनी दोनदा विचारलं, "साहेब, ह्या खेपेची भाजी सुकेना कशी? पानं जाड वाटतात." मी हवेतल्या दमटपणावर त्यांना पाच मिनिटं शास्त्र ऐकवलं. चाचांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां, असेल. पिंजऱ्यांतला भुसा मात्र कोरडा आहे."

निकाल आले ते असे, की मला स्वतःचाच हेवा वाटला. उंदरांच्या पंज्यांची सूज भराभर उतरत होती. जांभळं द्रावण तर थेंब पडताच हरल्यासारखं पिवळं व्हायचं. मी आलेख रंगीत पेन्सिलींनी काढले. खोली वाचली होती आणि ती मी वाचवली होती. अकोल्याला आईला तसं पत्रही टाकलं.

डिसेंबरात बाई काळा चष्मा लावून परतल्या. आल्या त्या थेट खिडकीशी. मी जांभळी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यावरचा पडदा निघाला होता ना.

"इतका जांभळा होता हा?" त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं मला हा तपकिरी दिसत होता रे. मला वाटायचं, असाच असतो." त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. चारही खिडक्यांतून आकाश बघितलं, आपल्या साडीचा काठ बघितला, माझा शर्ट बघितला आणि म्हणाल्या, "हा फार वाईट आहे. मला आधी कळलं नव्हतं."

जानेवारीत कंपनीचे साहेब आले. टाय, ब्रीफकेस, कमरेला पेजर. प्राचार्य दारात हात बांधून उभे. साहेबांनी माझे आलेख बघितले, उलटून पुन्हा बघितले.

"एक्सलंट, मॅडम. हे तर आमच्या अपेक्षेच्या बाहेर आहे. वर्षाला तुम्हाला काय लागेल ते लिहून द्या. आणि हो, ती वनस्पती तरी दाखवा. मी आयुष्यभर पावडरच बघितलीय."

बाई खुशीत फळ्या घेऊन आल्या. दोऱ्या सोडल्या. वर्तमानपत्राची घडी उघडली.

त्यांनी काळा चष्मा काढला. पंखा फिरत होता. बाईंनी भिंग घेतलं, फांदी उजेडात धरली, एक सुकं पान तोडून तोंडात टाकलं आणि चावलं. मी तिथं उभा होतो आणि मला एकदम आठवलं, की घेटुळीचं बी चिकट असतं. पहिल्या खेपेला माझ्या पँटचे पाय त्यानं भरून गेले होते आणि दुसऱ्या खेपेला एकही बी चिकटलं नव्हतं.

"ही घेटुळी नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"वसू आहे ही. दिसते तशीच. पण पान जाड, आणि फूल देठाच्या बगलेत एकेकटं. घेटुळीला दांडीवर तुरा येतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "संध्याकाळी गेला होतास?"

खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्याकडे दोन-तीन थापा तयार होत्या. धुकं, जेसीबी, सगळं होतं. पण बाईंच्या त्या नव्या डोळ्यांसमोर एकही तोंडातून निघेना.

"नाही, बाई. कोथरूडला गेलो होतो. कॉम्प्युटरच्या क्लासला. फुकट होता."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "संध्याकाळी कुठं जायचं होतं यांनी?"

"आमंत्रण द्यायला," मी म्हणालो.

"कोणाला?"

"घेटुळीला."

साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी छताकडे पाहिलं. साहेब मात्र कामाचा माणूस होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बरं, असू द्या. मॅडम, गुण तर आहे ना? मग झालं. बाजारात पुनर्नवा म्हणून दोन्ही विकतात. लोकांना कुठं कळतंय? नाव तेवढं तेच ठेवू."

"दोन्ही विकतात, म्हणून तर मी तपासायला बसले," बाई म्हणाल्या. "एकदा पावडर झाली की नावाशिवाय उरतं काय हो तिच्याजवळ?"

"मॅडम, प्रॅक्टिकल व्हा."

"होते. हिलाही तपासते, हिच्या स्वतःच्या नावानं, पहिल्यापासून. दोन वर्षं द्या."

"आम्हाला येत्या दिवाळीत बाजारात यायचंय."

"मग फराळाचं काढा," बाई म्हणाल्या.

साहेब गेले. प्राचार्य त्यांना सोडायला गेले ते परत आले नाहीत. खोलीत आम्ही दोघंच. मला वाटलं, आता बाई ओरडतील. मी त्यासाठी खांदे आवळून उभा होतो. त्या फळ्या बांधत होत्या.

"चूक होते," त्या म्हणाल्या. "माझ्याही हातून झालीय. पण तुझ्या थापेवर उंदीर गेले. ते चाचांना जाऊन सांग. मला नको सांगूस."

मी प्राणिघरात गेलो आणि सांगितलं. चाचांनी पिंजरा पुसता पुसता सगळं ऐकलं. "मी म्हटलं होतं ना, भाजी सुकेना," एवढंच बोलले. मग त्यांनी चहा मागवला. एकच कप, स्वतःसाठी. ते मला पटलं.

मार्चअखेर खोली गेली. थर्मोकोलच्या पेट्यांमधून कॉम्प्युटर आले. थंडाव्याची यंत्रं बसवायची म्हणून चारही खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. बाई व्हरांड्यात उभं राहून ते बघत होत्या. "यांना वाळायला इतका गारवा लागतो होय?" त्यांनी सुताराला विचारलं. सुतार म्हणाला, "मला काय माहीत बाई, मी फक्त ठोकतो." आम्ही वर्तमानपत्रं, फळ्या आणि खाट उचलून प्राणिघराशेजारच्या जिन्याच्या वळणावर नेली. तिथं एकच झरोका होता, पण दुपारी त्यातून एक लांबट ऊन यायचं आणि पायरी पायरीनं खाली उतरायचं. बाईंनी वर्तमानपत्रं त्या उन्हाबरोबर खालच्या पायरीवर सरकवत न्यायला सुरुवात केली. शिपाई वैतागायचे. "बाई, जिना चालायला असतो." "मग चाला की," बाई म्हणायच्या, "धावता कशाला?"

खोलीतले तिघं सोबती एकेक करून विमानात बसले. मीही जाऊ शकलो असतो. बाईंनी मला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. मला कोणी काहीच म्हटलं नाही की मी तिथंच राहतो, हा माझा जुना दोष. पुढे मीही कॉम्प्युटरमध्ये गेलो, पण एक पावसाळा उशिरा.

त्या पावसाळ्यात बिबवेवाडीच्या मोकळ्या जागेवर पाया भरला होता. दुसरी जागा मी कात्रजकडे शोधली. संध्याकाळी एकटाच गेलो, तांदूळ ठेवले, ओणवा झालो. काय बोलावं ते सुचेना. शेजारच्या बांधकामाचा वॉचमन काठी आपटत आला. "काय पुरून राहिले तिथं?" बोलण्यावरून आमच्याकडचाच, वाशिमचा निघाला. मी खरं ते सांगितलं. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मंग मी बी बघतो रात्री. कोणी नेली नाही पाहिजे."

सगळं पहिल्यापासून केलं, प्रत्येक चाचणी दोनदा. यावेळी उंदरांना मी चाचांसारखं धरायला शिकलो होतो. एकच चावला, आणि त्याला कारण होतं. जांभळा रंग सावकाश विरायचा, पुरता पिवळा कधीच झाला नाही. गारव्याच्या दिवसांत आकडे हाती आले. रंगीत पेन्सिलींना वावच नव्हता. गोळीतल्या औषधानं सूज झपाट्यानं उतरली होती. घेटुळीनं उतरली होती ती थोडीशी. मी तीनदा बेरजा केल्या. खोली गेली, एवढे दिवस गेले, आणि हे एवढंसं. वर चढताना जिना फार लांब वाटला.

बाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, पायांशी उन्हाची पट्टी. मी कागद दिले. त्यांनी ते इंग्रजीतले तक्ते सावकाश वाचले, एका ठिकाणी 'लक्षणीय' अशा अर्थाचा शब्द मी घुसडला होता तो खोडला आणि कागद मांडीवर ठेवले.

"आता सांग, काय निघालं."

"आहे त्यात, बाई."

"ते इंग्रजी झालं. तुझ्या आईला सांगतोयस असं सांग."

मी मग पायरीवर बसलो आणि घरच्यासारखं बोललो. "माय, ह्या भाजीनं सूज उतरते. लय नाही, थोडी. गोळीवानी नाही उतरत. पण नुसत्या पाण्यानं, नुसतं पडून राह्यल्यानं जेवढी उतरते ना, त्याच्याहून जास्त उतरते. मी दोनदा पाह्यलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. ऊन एक पायरी खाली गेलं, पण वर्तमानपत्र सरकवायला त्या उठल्या नाहीत.

"परत सांग," त्या म्हणाल्या.